पाण्याच्या जागेची परवानगी

परवानगी देणारा मनुष्य नेमकें काय देतो, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे नीतिशास्त्रांतील कित्येक जुने वाद त्यांतून वर येतात. घरधन्यानें शेजाऱ्याला आपल्या अंगणांत मांडव घालूं दिला, तर तो स्वतःच्या मालकीची वस्तु घटकाभर दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, इतकेंच. परंतु कचेरींत बसलेला अधिकारी जेव्हां एखाद्या पाणथळ जमिनीवर भराव घालून तेथें वसाहत उभारण्यास परवानगी देतो, तेव्हां तो स्वतःचें असें कांहींच देत नसतो. जमीन अर्जदाराची, पैसा घरें घेणारांचा, आणि त्या जमिनीवर दर पावसाळ्यांत विसावणारें पाणी तर कोणाच्याच मालकीचें नसतें. मग त्या सहीनें कोणाची कोणती वस्तु कोणाला दिली जाते?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यांतील गडब हें गांव डोळ्यांपुढें आणूं. मुंबई-गोवा महामार्गानें वडखळ सोडून नागोठण्याकडे जाऊं लागलें म्हणजे तें लागतें. पूर्वेस डोंगर आहेत, आणि पश्चिमेस अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते तो सखल मुलूख आहे. पेण-अलीबागकडील अशा पट्ट्याला लोक खारेपाट म्हणतात. येथील भातशेती निसर्गानें आयती दिलेली नव्हे. ती माणसांनीं खाडीपासून मिळविलेली आहे. चिखलमातीचा लांबच लांब बांध घालून भरतीचें पाणी अडवावयाचें, आणि आंतील पावसाचें पाणी बाहेर जाण्यासाठीं त्या बांधांत उघाडी ठेवावयाची, ही तेथील रीत. भरती आली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें उघाडीचें दार मिटतें. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें तें उघडतें. पण उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळीं आले, तर दार मिटलेलें राहतें, आणि डोंगरावरून धांवत आलेल्या पाण्याला ओहोटीची वाट पाहत शेतांतच थांबावें लागतें. एक हेक्टर शेतांत वीतभर म्हणजे सुमारें २० सेंटिमीटर पाणी उभें राहिलें, तरी तें २० लक्ष लिटर भरतें. त्या हेक्टरावर मुरुमाचा भराव पडला, म्हणजे हें पाणी नाहींसें होत नाहीं. तें फक्त दुसऱ्याच्या दारीं जातें.

आतां दुसरी बाजू. ज्याला स्वतःचें घर आहे त्यानें दुसऱ्याच्या घराला हरकत घेणें सोपें असतें, आणि म्हणूनच तें संशयास्पदही असतें. आमच्यासारखे पगारदार व पेन्शनदार लोक निसर्गाची थोरवी गातात तें बहुधा कोरड्या भिंतींच्या आंत बसून. खुद्द मुंबई शहर सात बेटांमधील उथळ समुद्र बुजवून उभें राहिलें आहे, हें विसरून कसें चालेल? ज्या तरुण जोडप्याला दोन खोल्यांसाठीं सारी उमेद हप्त्यांत घालवावी लागते, त्याला बगळ्यांचें व चिंबोऱ्यांचें कौतुक सांगणें ही क्रूर थट्टा होईल. शिवाय ओढ आतां या बाजूची आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी व न्हावाशेवा यांना जोडणारा अटल सेतु खुला झाला. त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांच्या क्षेत्रासाठीं नवनगर विकासाचें काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोंपविण्यांत आलें. लोक ज्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात ती हीच. घरांची गरज खरी आहे, हें मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

परवानगीचें पहिलें समर्थन कायद्याचें असतें. कायद्यानें जें पाणथळ नव्हे तें भरण्यास आडकाठी कसली, असें विचारलें जातें. सन २०१७ च्या पाणथळ जागांविषयींच्या केंद्रीय नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तींतून भातशेतें वगळलीं आहेत. मिठागरेंही वगळलीं आहेत. यामागील हेतु समजण्यासारखा आहे, कारण शेतकऱ्याला नांगर धरण्यासाठीं सरकारच्या दारीं जावें लागूं नये. परंतु शेतकऱ्यासाठीं ठेवलेल्या या मोकळ्या दारांतून उद्यां डंपरही आंत येऊं शकतो. सन २०२३ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेंही नद्या-सरोवरांशीं पृष्ठभागावरून अखंड जोडलेल्या पाणथळीच तेथील जलसंरक्षक कायद्याखालीं येतात असा अर्थ लावला, आणि पुष्कळ दलदली एका निकालासरशीं संरक्षणाबाहेर गेल्या. व्याख्या करणें हा कायद्याचा अधिकार आहे. पण व्याख्येनें जमीन कोरडी होत नाहीं. कायदा 'हें करण्यास तुला शिक्षा होणार नाहीं' एवढेंच सांगूं शकतो. 'हें केल्यानें कोणाचें नुकसान होणार नाहीं' असें सांगण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नाहीं. या दोन वाक्यांची गल्लत हाच आपल्या काळचा मोठा नैतिक घोटाळा होय.

दुसरें समर्थन भरपाईचें. येथील पाणथळ बुजविली तर दुसरीकडे तेवढीच निर्माण करूं, येथें तिवरें तोडलीं तर अन्यत्र लावूं, असें म्हणतात. अमेरिकेंत सन १९८९ पासून 'एकंदरींत घट होऊं द्यावयाची नाहीं' हें या बाबतींत सरकारी धोरण झालें, आणि कोणी दूरवर पाणथळ तयार करून तिचें श्रेय भराव घालणारांस विकावें, असा रीतसर व्यापारच तेथें सुरू झाला. बेंथॅमच्या हिशेबी नीतिशास्त्राला हें पटेल. सुखदुःखांची बेरीज कायम राहिली म्हणजे झालें! परंतु रामाचें कर्ज गोविंदाला फेडल्यानें ऋणमुक्ति होत नाहीं. गडबच्या शेतानें अडविलेलें पाणी हें गडबच्याच खालच्या आळीचें रक्षण असतें. चाळीस कोसांवर नवें तळें खोदल्यानें त्या आळींतील म्हातारीच्या चुलींत शिरलेलें पाणी ओसरत नाहीं.

येथें एक मार्मिक आक्षेप निघेल. "तुमच्या पूर्वजांनींही खाजणें बुजवूनच शेतें केलीं ना? त्यांना कोणीं परवानगी दिली होती? तेव्हां जें पुण्य तें आतां पाप कसें?" सतराव्या शतकांतील इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक म्हणेल कीं, ज्यानें आपले श्रम जमिनींत मिसळले त्याची ती झाली, मात्र इतरांसाठीं पुरेसें व तितकेंच चांगलें उरलें पाहिजे. ही पुरवणीची अटच आक्षेपाचें उत्तर देते. जुन्या खारभूमीनें खाडीला बाहेर ठेवलें, पण पावसाच्या पाण्याची जागा मोडली नाहीं, आणि उघाडीच्या रूपानें खाडीशीं बोलणें चालू ठेवलें. याहून महत्त्वाचें म्हणजे, बांध घालणारा त्याच बांधाच्या आड राहत होता. बांधाला खांड गेली तर त्याचेंच भात कुजणार होतें. म्हणून मध्यरात्रीं कंदील घेऊन धांवणाराही तोच होता. निर्णय आणि जोखीम हीं एकाच माणसाच्या अंगणांत नांदत होतीं. आजचा भराव घालणारा इमारत विकून दुसऱ्या गांवीं जातो. सही करणाऱ्याची बदली होते. पाणी मात्र दर वर्षीं त्याच पत्त्यावर येतें. पूर्वजांच्या व आपल्या कृत्यांत खरा नैतिक भेद आहे तो हाच.

खारेपाटाला हा भेद नवा नाहीं. अलीबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सन १९३३ ते १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा याच प्रश्नावर होता: कष्ट व जोखीम कुळाची, आणि फळ खोताचें, हें न्याय्य कसें? सहा वर्षें जमिनी ओसाड ठेवून कुळांनीं उत्तर मागितलें, आणि सन १९३९ च्या कुळकायद्याची वाट त्यांतून मोकळी झाली. पुढें २१ सप्टेंबर २००८ रोजीं विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी द्याव्या कीं नाहीं याविषयीं पेण तालुक्यांतील २२ गांवांच्या शेतकऱ्यांचें मत घेण्यांत आलें. तो प्रकल्प पुढें उभा राहिला नाहीं. प्रकल्पाची बरीवाईट बाजू क्षणभर दूर ठेवूं. ज्यांच्या अंगावर परिणाम येणार त्यांनाच आधीं विचारावें, ही गोष्ट निदान एकदां शक्य ठरली, एवढें पुरे आहे.

पण संमतीच्या तत्त्वालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुष्कळ शेतकऱ्यांनाच जमीन विकावयाची असते. खारेपाटांत दुरुस्तीअभावीं बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरलें, तेथें कांदळवन वाढलें, आणि मग त्याच शेतकऱ्याला तें तोडण्याची बंदी झाली, असें घडलें आहे. कांदळवनांचा नाश हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असें मुंबई उच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें सांगितलें. तें योग्यच होतें; पण ज्याचें शेत असें बुडालें त्याला या न्यायाची किंमत एकट्यानें मोजावी लागली. अशा माणसानें जमीन विकली तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार शहरांतील कोणासही नाहीं. समाजाला त्याची जमीन पाण्यासाठीं मोकळी हवी असेल, तर समाजानें त्याला त्याचा मोबदला दिला पाहिजे. फुकटचा त्याग दुसऱ्याकडून करवून घेणें ही सात्त्विकता नव्हे.

तथापि विकणाऱ्याची संमति ही शेजाऱ्याची संमति नव्हे. सातबारा एकाचा असतो, बांध सर्वांचा असतो. एका तुकड्यावरचा भराव आणि शेजारच्या तुकड्यांतील वाढलेलें पाणी यांच्या मधें कोणतीही सरकारी हद्द उभी राहत नाहीं. आणि जे अजून जन्मले नाहींत, त्यांची संमति तर मिळणेंच शक्य नाहीं. त्यांच्या वतीनें आपणांस फक्त सावधगिरी बाळगतां येते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीं पाण्यानें आपल्या जुन्या जागा बरोबर ओळखल्या. ज्यांच्या घरांत तें शिरलें, त्यांपैकीं बहुतेकांनीं त्या जागा बुजविण्याची परवानगी दिलीही नव्हती व मागितलीही नव्हती.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. पाणथळ बुजविण्याची परवानगी देणारा दुसऱ्याची सुरक्षितता देत असतो. आणि जी वस्तु आपली नव्हे ती देणारा तिचा जामीन झाल्यावांचून राहत नाहीं. म्हणून परवानगी ही जबाबदारींतून सुटका नसून जबाबदारीचा आरंभ मानली पाहिजे. भराव घालणाऱ्याचें व त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेचें उत्तरदायित्व इमारत विकली गेल्यानें संपूं नये. पुढील निदान वीस पावसाळ्यांत खालच्या आळींत चढलेल्या पाण्याचा जाब त्यांना देतां आला पाहिजे. ही अट घातली तर घरें बांधणें थांबेल असें नाहीं. तीं वरकस, भरड जमिनीवर, कदाचित् थोडीं महाग, कदाचित् थोडीं दूर बांधलीं जातील, आणि तो जादा खर्च आपण घर घेणारांनीं सोसावा लागेल. तो सोसण्याची आपली तयारी आहे काय, हें अधिकाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरीं बसून ठरवावें.