दरडोईच्या आडून

वानुआतू हा प्रशांत महासागरातला जेमतेम सव्वातीन लाख वस्तीचा देश. तिथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ठरवले, की तापत्या हवामानाचा जाब थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात मागायचा. त्यांनी वानुआतूच्या सरकारला गळ घातली, सरकारने इतर देशांना. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या या न्यायालयातल्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्यात कसूर करणाऱ्यावर नुकसानभरपाईचीही वेळ येऊ शकते. हे मत सल्ल्याचे आहे, बंधनकारक नाही. तरी ज्यांच्या अंगणात समुद्र शिरतो आहे, त्यांना आता याचकासारखे नव्हे, हक्काने बोलता येईल.

ज्याने केले त्याने भरावे, हे आपण भारतीयही म्हणत आलो. १९९१ साली पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगाला खडसावून विचारले होते, की गरिबाच्या भातखाचरातून निघणारा वायू आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसे तोलता? एक जगण्यासाठी, दुसरा चैनीसाठी. पुढच्याच वर्षी रिओच्या हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची, पण ज्याच्या-त्याच्या वाट्यानुसार, हे तत्त्व मान्य झाले. आजही अमेरिकेत माणशी कार्बन डायऑक्साइड चौदा टनांच्या घरात आहे, भारतात दोन टनांच्या आसपास. १८५० पासून कोळसा-तेलासारख्या इंधनांतून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. त्यामुळे आधी त्यांनी आवरावे, पैसाही त्यांनी द्यावा, ही आपली मागणी न्यायाचीच आहे.

पण हे दोन टन नेमके कोणाचे?

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. तिथून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी येते आणि विदर्भातल्या कोळशाची वीज मुंबईच्या उंबरठ्यावर पोचते. कोळसा जळतो तिकडे. राख आणि धूर तिथल्या लोकांच्या वाट्याला. चाळीत दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यावर काजळी बसते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इकडे मुंबईत एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन एसी चालतात. दरडोईचा आकडा काढताना मात्र हा फ्लॅट आणि चंद्रपूरची ती चाळ एकाच सरासरीत बसतात. चाळीतल्या बाईने वीज कमी वापरली म्हणून आपला देश सज्जन ठरतो, आणि त्या सज्जनपणाच्या आडून फ्लॅटवाला निर्धास्त राहतो.

हे मला पटत नाही. करणारा एक आणि भोगणारा दुसरा, हा अन्याय वानुआतूच्या बाबतीत अन्याय असेल, तर चंद्रपूरच्या बाबतीतही अन्यायच. अमेरिकेकडे बोट दाखवण्याचा हक्क आपण सोडू नये. पण तोच नियम घरातही लावावा. महिन्याला भरमसाट वीज जाळणाऱ्या ग्राहकांच्या बिलातून वीज केंद्रांभोवतीच्या गावांच्या हवेसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यांसाठी पैसा वेगळा काढला पाहिजे. ते बिल ज्यांच्या घरी येते, त्यांनीच ही मागणी आधी करावी.