खुळखुळणारा चेंडू
वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासोबत अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळांनाही जागा दिली. अशा मुलांच्या खेळाचा विषय निघाला की आपण लगेच उपचार, नाहीतर पदक यांकडे वळतो. निव्वळ मजा हे कारण आपल्याला पुरत नाही. धडधाकट मुलाला मात्र, परीक्षेचे दिवस सोडले तर, खेळण्याचं कारण कुणी विचारत नाही. अंधांचं क्रिकेट पाहा. चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज विचारतो, ‘रेडी?’ फलंदाजाचा होकार आला की ‘प्ले’ म्हणत खालून चेंडू सोडतो. इथे दयेला जागाच नाही. चेंडू हुकला की दांडी गुल.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दवाखानाच लांब, तिथे खेळाचे लाड कशाला, असं कुणी म्हणेल. दवाखाना हवाच. पण तो येईपर्यंत बालपण थांबत नाही, आणि या चेंडूला डांबरी रस्ता लागत नाही. मूल पडेल ही भीती खरी, पण गुडघे सगळ्यांचेच फुटतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तेव्हा पीटीच्या तासाला दिव्यांग मुलाला इतरांच्या चपला राखत बसवणं आधी बंद करा.