मोफत मिळालेली चांदी

वाचक माउली, जी वस्तू आपण मागितली नाही, जिच्यासाठी पैसा मोजला नाही, तिच्यात मन अडकत नाही असे वाटत असेल, तर माझ्या डब्याची हकिकत ऐका.

डबा पितळी आहे, पूर्वी त्यात बुक्का असे. थोरलीच्या लग्नाचे दागिने केले तेव्हा सराफाने लक्ष्मीचा छाप असलेले चांदीचे नाणे हातावर ठेवले. म्हणाला, “महाराज, दुकानाकडून भेट.” ते पहिले. मग धाकट्या भावाने ट्रॅक्टर घेतला, त्यावर एक मिळाले. ते मी त्याच्याकडून मागून घेतले. पुढे धनत्रयोदशीच्या जाहिराती वाचू लागलो. इतक्या खरेदीवर पाच ग्रॅमचे नाणे, तितक्या खरेदीवर दहाचे. एका दिवाळीला घरात चालता मिक्सर असताना दुसरा आणला. आमच्या मंडळी हसल्या. मी म्हणालो, चांदी फुकट आली ना!

फुकट कसली? दुकानदार खुळा नसतो. नाण्याची किंमत त्याने दागिन्याच्या मजुरीत, वस्तूच्या भावात आधीच धरलेली असते. आपल्याच पैशाने आपल्याला भेट, आणि वर उपकार मानून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच उंबऱ्यावर.

आमच्या यवतला मोफत दुसऱ्या तऱ्हेचेही मिळते. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामी येते. काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांत पिठले शिजते, घराघरांतून भाकऱ्या येतात. वाढणारा कुणाचे नाव विचारत नाही, पुढच्या वर्षी या असेही सांगत नाही. सकाळी पालखी वरवंडच्या वाटेला लागते आणि भांडी घासून पालथी पडतात. त्या देण्याला मागे दोर नसतो. माझ्या नाण्यांना होता, आणि मी तो आनंदाने गळ्यात घालून घेतला होता.

डब्यात वडिलांचे पाच राणीछाप रुपयेही आहेत. तो रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० साली सरकारने चांदी निम्म्यावर आणली, १९४७ च्या रुपयात तर नुसते निकेल. पण राणीछाप रुपया हातोहात फिरलेला. त्याने कुणाचे बियाणे आणले, कुणाचा सारा भरला. राणीचे नाक झिजले ते त्यामुळे. भेटीच्या नाण्याने मीठही येत नाही. ते जन्मतःच डब्यासाठी असते. झिजत नाही, कारण कुणाच्या उपयोगी पडत नाही.

दोन वर्षांमागे आमच्या दिंडीच्या विणेकऱ्याच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. तीस वर्षे माझ्या मागे उभा राहिलेला माणूस. वर्गणी काढली, माझ्याकडे मुले आली. पेन्शन नाही, बिदागी थांबलेली, मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात बघू.” खोटे नव्हते. मुले गेल्यावर मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अहो, डब्यात चांदी आहे की.”

राका आणि बांका या पंढरपूरच्या दांपत्याची कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितली. रानात लाकडे वेचायला जाताना वाटेत सोने दिसले. बायकोला मोह पडू नये म्हणून राकाने त्यावर माती लोटली, तर बांका म्हणाली, मातीवर माती कशाला टाकता? या ठिकाणी श्रोते हमखास टाळी देत. त्या दिवशी बांका माझ्याच घरात बोलली आणि मला राग आला.

तरी गेलो सोनाराकडे. जाण्याआधी पाच राणीछाप काढून ठेवले, हेही सांगितले पाहिजे. सोनाराने एकेका नाण्याची कड कानशीने घासून ॲसिडचा थेंब टाकला. तेवीसपैकी चार नाण्यांवर थेंब हिरवा झाला. “महाराज, हे वरून पाणी दिलेले. आत चांदी नाही.”

माझ्या छातीत कळ आल्यासारखे झाले. सोने आणि माती एकच, असे व्यासपीठावरून सांगणारा मी; आणि हातातली चांदी खरोखर माती निघाली तेव्हा मला फसवले गेल्याचे दुःख! त्या चार नाण्यांसाठी मी काहीच मोजले नव्हते, मग गेले काय? तुकोबारायांनी भावाच्या वाट्याची कर्जखते त्याला देऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ते तर हक्काचे येणे होते. माझ्या डब्यात हक्काचेही काही नव्हते, नुसती मोजणी होती. रात्री निजण्यापूर्वी मी ती नाणी मोजत असे. हरिपाठानंतर.

एकोणीस नाणी मोडून आलेले पैसे विणेकऱ्याच्या घरी दिले. डोळा बरा आहे. पैसे कुठून आले हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. खोटी चार नाणी नातीने भातुकलीत नेली.

राणीछाप अजून डब्यात आहेत. वडिलांची आठवण म्हणून, असे मी मंडळींना सांगतो. त्या काही बोलत नाहीत.