तो घालणार नाही असा स्वेटर

उत्तरेकडच्या एका मुक्कामी एक बाई स्वेटर विणते आहे. थंडी हाडांत शिरणारी. ज्याच्यासाठी ती विणते, तो हा स्वेटर कधीच अंगात घालणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी सुया चालू आहेत. मियाको हारुमीने १९७५ साली गायलेल्या ‘किता नो यादो कारा’ या गाण्यात घडतं ते जवळजवळ एवढंच. पुढच्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार या गाण्याला मिळाला.

प्रेम नाकारलं गेलं तरी हातांची सवय सुटत नाही. कुणासाठी तरी काहीतरी करायला ते शिकलेले असतात. त्या रिकाम्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न जपानी विरहगीतांनी फार मनावर घेतला आहे. म्हणून ती गाणी मला जवळची वाटतात. त्यांतली माणसं रडतात, पण रडता रडता काहीतरी करत असतात.

स्वेटरचं गाणं लिहिणाऱ्या आकु यू या गीतकाराचं दुसरं गाणं, ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’. ते १९७७ च्या सुरुवातीला इशिकावा सायुरीच्या आवाजात आलं. टोकियोच्या उएनो स्थानकावरून रात्रीची गाडी सुटते आणि आओमोरीला पोचते तेव्हा बाहेर बर्फ असतो. उतरलेली माणसं होक्काइडोच्या बोटीकडे निघतात. बोलत कुणीच नाही. त्यांच्यात गाण्यातली बाई एकटी. सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आकु यूने पहिल्या काही शब्दांतच उरकला आहे. पण बोटीवर चढल्यावर त्याला घाई नाही. काचेवरची वाफ आहे, दूरवर धूसर दिसणारं भूशिर आहे, वारा आहे. तिने मागे सोडलेला पुरुष कोण, त्याने काय केलं, चूक कोणाची, यातलं काही म्हणजे काही सांगितलेलं नाही.

कारण सांगितलं की ऐकणारा न्यायनिवाडा करू लागतो. कारण गाळलं की तो शेजारी येऊन बसतो.

उएनो म्हणजे उत्तरेचं दार. युद्धानंतरच्या वर्षांत तिकडच्या खेड्यांतली शाळा सुटलेली मुलंमुली गाड्या भरभरून टोकियोच्या कारखान्यांत, दुकानांत कामाला आली, ती याच स्थानकात उतरली. तिथून परतीच्या गाडीत बसणारी बाई फक्त एका माणसाला सोडून निघालेली नसते. ज्या शहरात आपलं काहीतरी होईल असं वाटलं होतं, ते शहरही तिने सोडलेलं असतं. १९८८ साली त्सुगारु सामुद्रधुनीखालून रेल्वेचा बोगदा सुरू झाला आणि रेल्वेच्या त्या बोटी बंद पडल्या. गाण्यातल्या त्या तप्पी भूशिरावर आता या गाण्याचं स्मारक आहे. त्याचं बटण दाबलं की गाणं वाजतं. त्या गाण्यातला प्रवास आज तसा करता येत नाही, तरी लोक वाऱ्यात उभे राहून तो ऐकतात.

‘मोमेन नो हान्काचीफु’ हे १९७५ चं गाणं लिहिलं मात्सुमोतो ताकाशीने आणि गायलं ओता हिरोमीने. मुलगा शहरात गेला आहे, मुलगी गावी आहे, आणि गाणं म्हणजे दोघांचा संवाद. तो तिला शहरातून भेटी देऊ पाहतो. तिला काही नको असतं. शहराच्या रंगात न रंगता तू परत ये, एवढंच. त्याचे कपडे बदलतात, आणि शेवटी तो सांगतो की आता येणं होणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी मागते: डोळे पुसायला एक साधा सुती रुमाल. चाल इतकी हसरी आहे की पहिल्यांदा ऐकताना ती काय मागते आहे ते निसटून जातं. मला हे गाणं या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतं. ज्याने दुखावलं त्याच्याकडूनच रुमाल मागणं यात सूड नाही आणि लाचारीही नाही. तिने सगळा हिशेब एका वस्तूत मिटवला आहे.

आता एक अडचण. झुरणाऱ्या, विणणाऱ्या, निमूट बोटीत चढणाऱ्या या बायका लिहिल्या पुरुषांनी. ही सोशीक बाई पुरुषांच्या सोयीची आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. पण त्याच काळात पुरुषही बाईच्या तोंडचे शब्द घेऊन गात होते. मोरी शिनइची १९६६ मध्ये पुढे आला तो ‘ओन्ना नो तामेइकी’ या गाण्याने, म्हणजे बाईचा सुस्कारा घेऊन, घोगऱ्या, फाटक्या गळ्याने. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी विरहिण्या लिहिल्या त्या देवासाठी. इथे समोर देव नाही, सोडून गेलेलं माणूस आहे. नाकारलं जाणं पुरुषाच्याही वाट्याला येतंच. ते स्वतःच्या आवाजात बोलायची त्याला मुभा नव्हती, म्हणून त्याने आवाज उसना घेतला. कराओकेच्या खोलीत टाय सैल करून बाईचं दुःख गाणारा माणूस कोणाचं दुःख गातो, हे त्याला विचारायला नको.

ही मुभा नसणं फार जुनं आहे. सन ९६० मध्ये सम्राट मुराकामीच्या दरबारात काव्यस्पर्धा झाली. शेवटचा विषय होता प्रेम. दोन कविता लपवलेल्या प्रेमाच्या होत्या. तायरा नो कानेमोरीच्या कवितेत ते प्रेम चेहऱ्यावर असं उमटतं की लोकच विचारू लागतात. मिबु नो तादामीच्या कवितेत ते मनात नुकतंच रुजलेलं असतं, तोवर बोभाटा होतो. परीक्षकाला निवड करता येईना. सम्राटाने कानेमोरीची कविता पुटपुटली आणि निकाल लागला. हरलेला तादामी खंगून मेला अशी दंतकथा आहे. दोन्ही कविता ‘ह्याकुनिन इश्शु’ या शंभर कवींच्या संग्रहात शेजारीशेजारी आहेत, आणि त्या १०० पैकी ४३ कविता प्रेमाच्या आहेत. दोन्हींमध्ये जगाला कळलं आहे. जिच्यावर प्रेम आहे, तिला कळलं का, याचा उल्लेखच नाही.

एकतर्फी प्रेमाची बातमी ज्याची त्याला सर्वांत शेवटी लागते.

पुन्हा गाण्यांकडे वळू. त्यांचे सूर आपल्या कानाला परके वाटत नाहीत, याला कारण आहे. विणणाऱ्या, बोटीत चढणाऱ्या बायकांची गाणी एन्का नावाच्या प्रकारातली, आणि त्यातल्या कितीतरी चाली मध्यम आणि निषाद वगळून बांधलेल्या असतात. शुद्ध स्वरांत तो आपला भूप होतो. गंधार आणि धैवत कोमल केले की तीच पाच स्वरांची वाट अंधारात शिरते. कोगा मासाओच्या १९३१ च्या ‘साके वा नामिदा का तामेइकी का’ पासून हा अंधार ओळखीचा आहे. त्यावर गळ्याची ती विशिष्ट हरकत येते, कोबुशी. स्वर सरळ जाता जाता मध्येच वळसा घेतो, हुंदका आवरावा तसा.

बाईने स्वतः लिहायला घेतल्यावर मात्र सोशीकपणाचं रूप पालटलं. नाकाजिमा मियुकीच्या १९८१ च्या ‘आकुजो’मधली बाई वाईट वागण्याचं सोंग करते. आपण दुसऱ्यांबरोबर रमलो आहोत असं त्याला भासवते, कारण त्याचं मन दुसरीकडे गेलं आहे आणि तिला सोडताना त्याला अपराधी वाटू नये. इथे त्याग आहे, पण तो डोकं चालवून, ठरवून केलेला आहे. विणणाऱ्या बाईपेक्षा मला ही जास्त एकटी वाटते. तिचं प्रेम कुणी ओळखलं, तर तिचा डाव फसतो.

१९९९ मध्ये उतादा हिकारुने लिहिलेलं आणि गायलेलं ‘फर्स्ट लव्ह’ आलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्याच नावाच्या अल्बमच्या जपानमध्ये ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिथे इतका खप दुसऱ्या कुठल्याच अल्बमचा झालेला नाही. तिची आई फुजी केइको हीसुद्धा १९७० च्या सुमाराची मोठी गायिका, रात्रीच्या, हरलेल्या आयुष्याची गाणी खर्जातून गाणारी. मुलीच्या गाण्यात बर्फ नाही, बोट नाही, मुक्कामाची थंड खोली नाही. निरोपाच्या चुंबनातली सिगारेटची चव तेवढी आहे. ती पुढे कुणावर तरी पुन्हा प्रेम करणार आहे आणि ते तिला आत्ताच माहीत आहे, जे तिच्या आईच्या पिढीच्या गाण्यांतल्या बायकांना सहसा माहीत नसे. मात्र सोडून गेलेल्याविरुद्ध तीही एक शब्द काढत नाही.