काटा आणि मी

गाडीचा काटा तांबड्या रेघेकडे सरकला की माणसाला पहिला संशय येतो तो काट्याचा, इंजिनाचा नव्हे. आमच्या बँकेतही तेच. तेरीज जुळली नाही की सगळे शोधाला लागतात. जुळली की चहा मागवतात. वास्तविक दोन चुकांनी एकमेकींना फिटवलं तरी तेरीज जुळते, हे बी.कॉम.ला शिकवतात. पण चहा पिताना बी.कॉम. कुणाला आठवतं?

माझ्याकडे एक जुनी मॅटॅडोर आहे. आत दोन फळ्यांचे पलंग, स्टोव्ह, पाण्याचा पिंप. थोडक्यात, माझं हप्ते फिटलेलं एकमेव घर. गेल्या मे महिन्यात समुद्रपूरहून गिरडला जाताना काटा चढला. दुसऱ्या दिवशी गाडी जामच्या चौरस्त्यावर मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. काटा थंडावर पडला. तीच वायर क्षणभर इंजिनाच्या अंगाला टेकवली. काटा थेट तांबड्यात.

"काटा बरा, वायर बरी. आता एक तं सेन्सर खोटं बोलते, नाही तं इंजिन खरंच तापते. थर्मोस्टॅट, रेडिएटर खोलून पाहा लागन." मग खालच्या आवाजात, "नाही तं वायर अशीच राहू देऊ? वहिनी घाबरणार नाहीत."

मी हो म्हटलं. वर्षभर घरात शांतता होती.

आता मेहुण्याला ती गाडी हवी आहे, मुलांना घेऊन फिरायला. फोनवर त्याने विचारलं, "तापत नाही नं?" मी म्हटलं, "काटा वर्षभरात हललेला नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या रात्री धर्मराज आठवला. त्याच्याजवळ निदान एक मेलेला हत्ती तरी होता!

झोप येईना. पाणी गळून सेन्सर कोरडा पडला, तर वायर जोडलेली असूनही काटा गार दाखवू शकतो, आणि आत हेड वाकतं. मग मी तर वायरच काढलेली. मेहुण्याची धाकटी सहा वर्षांची आहे.

शनिवारी रात्री बॅटरीच्या उजेडात वायर जोडली. रविवारी मेहुणा गाडी चालवून बघायला आला. गाव सोडून थोडं पुढे जातो तोच काटा तांबड्यात. मी सगळं सांगितलं, वायरीसकट. त्याने गाडी बाजूला घेतली, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला,

"भाऊजी, काटाच बिघडला वाटते. वायर काढून टाका नं!"