हजरत याकूबांचे अश्रू आणि आपले रुग्ण

जठराच्या कर्करोगाने ग्रासलेल्या माणसाचे दुःख त्याच्यासोबत दस्तरखानावर बसल्याखेरीज उमगत नाही. शस्त्रक्रियेत जठराचा काही भाग, कधी संपूर्ण जठरच काढले जाते. मग दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे लागते. चार घास जास्त झाले वा गोड पोटात गेले, तर घाम फुटतो, छाती धडधडते, भोवळ येते. ईदचा शीरखुर्मा समोर असतो, घरचे आग्रह करतात आणि तो वाटी दूर सारतो. कपडे सैल होतात. ज्याच्या कमाईवर घर जेवले, तोच पंगतीला बसायला कचरतो. आजार पुन्हा उद्भवेल काय, या भयाने रात्री डोळा लागत नाही.

अशा माणसाला आपण काय सांगतो? ‘सब्र करा, ईमान मजबूत ठेवा.’ काही वर्षांपूर्वी मीही एका रुग्णाला हेच सांगितले. तो रडत होता. माझे ऐकून त्याने डोळे पुसले आणि पुन्हा कधी माझ्यापाशी मन उघडे केले नाही. आजाराच्या ओझ्यावर मी अपराधाचे ओझे ठेवले होते.

सूरह यूसुफ पुन्हा वाचा. हजरत याकूब (अलै.) पुत्रवियोगाने इतके झुरले, की त्यांचे डोळे पांढरे पडले. उत्तम सब्राची गोष्टही त्याच सूरहमध्ये त्यांच्याच मुखी आहे! आपले गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहपुढे मांडले; हजरत अय्यूब (अलै.) यांनीही मांडले. चिमुकल्या इब्राहीमच्या अखेरच्या क्षणी प्रेषितांचे (स.) नेत्रही पाणावले. मग रुग्णाचे रडणे ईमानाची दुर्बलता कसे ठरेल?

प्रेषितांनी (स.) औषधोपचार करण्यास सांगितले आहे. मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना ते निःसंकोच सांगावे व मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. दुआ आणि गोळी यांचे वैर नाही.

रमजान आला की या रुग्णांची घालमेल वाढते. सूरह बकरहने आजाऱ्याला रोजातून सवलत दिली आहे. जो पुढेही रोजे ठेवू शकणार नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावे. ही सवलत अल्लाहची देणगी आहे, तिची लाज कसली?

आजारपुसणीला जाल तेव्हा थोडाच वेळ बसा. ‘किती वाळलात!’ असे म्हणू नका, खाण्याचा आग्रह करू नका. त्याला बोलायचे असेल तर ऐका; नसेल तर नुसते जवळ बसा.