दोन पिनांचा प्रामाणिकपणा

विमानात मोठ्या हौसेने स्वतःचा हेडफोन नेला. खुर्चीच्या हाताला भोकं दोन आणि आमच्या हेडफोनला पिन एकच! ती एका भोकात खुपसली, तर गाणं एकाच कानात. "अहो, दुसरा कान माझ्यासाठी ठेवा," सौ. म्हणाली. शेवटी हवाई सुंदरीने दोन पिनांचा हेडफोन आणून दिला.

उतरताना तो पिशवीत टाकायचा मोह झाला. मग लक्षात आलं, ही जोडपिन घरी कशालाच लागायची नाही. पूर्वी तर विमानात डॉक्टरच्या स्टेथॉस्कोपसारख्या पोकळ नळ्याच असत. त्या घरी नेऊन करणार काय? मी हेडफोन परत केला आणि दिवसभर हरिश्चंद्राच्या थाटात वावरलो.

रात्री मात्र प्रश्न पडला: प्रामाणिक कोण? मी, की ती पिन?

आमच्या बँकेत काउंटरवरचं पेन दोऱ्याने बांधलेलं असतं. वीस वर्षं मी सांगत आलोय, आमची गिऱ्हाइकं सज्जन! परवा तो दोरा सोडून पाहिला. पेन तीन दिवस टिकलं, चौथ्या दिवशी गेलं. "बघा!" साहेब म्हणाले.

मी मात्र ते तीन दिवस जमेला धरतो. माझा हेडफोन कुठल्या खाती मांडावा, ते अजून ठरत नाही.